अंगरख्याचं माप

मोबाईल ठेवा रे खाली. मध्येच कुणी खिदळलं तर मी उठून जाईन. माझ्या सख्ख्या साडूच्या घरात घडलेलं आहे हे.

साडू शिंपी. दसऱ्याच्या मिरवणुकीत राजवाड्याचे वारस पालखीत बसतात, त्यांचा जरीचा अंगरखा शिवायचा मान त्याच्या घराण्याचा. राज्य जाऊन जमाना झाला, पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. नियम एकच. वारसाच्या आधी तो अंगरखा कुणी घालायचा नाही. जो पहिल्यांदा घालेल, पालखी त्याची.

त्या वर्षी वारस म्हणजे परगावी शिकणारा एक पोरगा. माप फोनवर आलेलं. नवमीच्या रात्री, जेवणं झाल्यावर, साडूने शेवटचा टाका घातला. पण त्याला खांद्याची शंका. पोरगा येणार सकाळी, तेव्हा उसवायला वेळ कुठला? साडूचा मुलगा त्याच वयाचा, त्याच अंगाचा. आम्ही त्याला लांबू म्हणायचो.

"लांबू, जरा घालून दाखव."

"बाबा, चालतं का?"

"इथं कोण बघतंय? घाल मुकाट्याने."

अंगरखा असा बसला, की साडू हरखूनच गेला. बंद त्याने स्वतःच्या हाताने बांधले.

तेवढ्यात दार वाजलं.

मेहुणीने उघडलं. बोळात पालखी. चार भोई. माना खाली. तोंडं दिसेनात.

"महाराज, चलावं."

साडू हसायला गेला. हसू आलं नाही.

"अहो, हा माझा मुलगा आहे..."

भोयांनी पालखी खाली टेकवली.

साडूने बंद ओढले. गाठ सुटेना. कात्री घेतली. बोट कापलं, बंद कापला नाही.

"बाबा... पाय माझं ऐकत नाहीत..."

मेहुणीने त्याच्या कंबरेला मिठी घातली. तीही फरपटत गेली. उंबऱ्यापर्यंत.

पालखीचा पडदा पडला.

मग नुसता बोळ...

सकाळी अंगरखा दुकानातल्या लाकडी पुतळ्यावर होता. लांबू नव्हता. पोलीस झाले, नवस झाले. राजवाड्याने मिरवणूक जुन्या अंगरख्यावर भागवली. आणि हा राहिला साडूच्या ट्रंकेत. बापाला काय वाटलं असेल ते मला विचारू नका.

परवा गेलो होतो मी त्यांच्याकडे. साडू टेप घेऊन खाली बसला होता, पुढ्यात अंगरखा.

"बघा तुम्हीच," म्हणाला.

टाके तेच. कुठे उसवलेलं नाही, जोडलेलं नाही. पण बाह्या चांगल्या चार बोटं लांब झालेल्या. खांदे रुंदावलेले.



आतून मेहुणीचा आवाज आला, "अहो, यंदा किती वाढलाय तो?"