भाऊरावांच्या नावाचा विमानतळ

शेवंती आली ती चप्पल न काढता थेट आत. मालन गुप्ते यांच्या मुलुंडच्या घरात असं करण्याची कुणाची हिंमत होत नाही, पण त्या सकाळी मालन काही बोलली नाही. शेवंतीचे ओठ सुकले होते आणि पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं होतं.

"बाय, माझ्या घरवाल्याला सोडवा. गुणाजीला. त्यानं नाय मारला भाऊरावांना."

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेला सहदेव अणावकर ताडकन उठला. भाऊराव तोंडवळकर त्याच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहायचे. एके काळचे गिरणी कामगार, मग शहराचे महापौर, आणि अलीकडे अंथरुणाला खिळलेले म्हातारे. परवा सकाळी उशीने तोंड दाबून कुणीतरी त्यांना मारलं होतं.

"म्हणजे तुम्ही त्या नामांतराच्या विरोधातल्या गुणाजीच्या बायको?" सहदेवने विचारलं.

तोच. कांजूरच्या मिठागरांवर छोटा विमानतळ झाला, तेव्हा त्याला तिथल्या कोळीवाड्याचं नाव मिळालं. आता ते बदलून भाऊरावांचं द्यावं म्हणून कृती समिती निघाली, आणि गुणाजीने कोळीवाडा तिच्याविरुद्ध उभा केला. या शहरात नळाला पाणी नाही म्हणून दहा माणसं जमत नाहीत. पाटीवर कुणाचं नाव, यासाठी मात्र डोकी फुटतात.

"आज परत कोर्टात उभा करनार त्याला," शेवंती म्हणाली. "जन्मठेप होनार म्हंतात. काल आमच्या घरावर दगड मारले. तो परत नाय आला तर माझ्या पोरींचं कसं, सांगा तुमी."

मालनने अर्धं आयुष्य एका विमा कंपनीत मेलेल्या माणसांची चौकशी करण्यात घालवलं होतं. निवृत्तीनंतर तेच काम ती स्वतःसाठी करायची. शाळेपासूनचा मित्र सहदेव व्यायामाचा मास्तर होता. आता त्याच्याकडे वेळ होता आणि स्कूटर होती.

"किल्ली घे रे," मालन म्हणाली.

इन्स्पेक्टर अहिरे मालनला चांगलं ओळखत होते, म्हणूनच तिला बघताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मॅडम, सरळ केस आहे. गुणाजी सकाळी भाऊरावांकडे गेला. आरडाओरडा झाला, अख्ख्या बिल्डिंगने ऐकला. मग तो निघून गेला. मुलगी जयंती बाजारात होती, ती परत आली तर वडील गेलेले. म्हाताऱ्याच्या नखांत कातडी सापडलीय आणि याच्या हातांवर ओरखडे आहेत."

"कातडी याचीच कशावरून?"

"तपासणीला पाठवलीय. अहवाल यायला महिने जातील. तोवर ओरखडे पुरेत मला."

गुणाजी कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. आडव्या हाडाचा, पन्नाशीचा माणूस, पण त्या दोन दिवसांत खांदे पडले होते.

"ओरखडे चिंबोरीच्या नांग्यांचे हायत," तो म्हणाला. "कुठल्या बी कोळ्याचे हात बघा. आनि ओरडलो, कारन म्हातारा ठार बहिरा. कानातलं मशीन लावीत नवता. ओरडल्याबिगर त्याला ऐकू कसं येनार?"

"गेला कशाला होतात?"

"त्यानंच बोलावला मला. बोलला, गुणाजी, संध्याकाळी समितीच्या सभेला मला खुर्चीतून न्या. मी सोताच्या तोंडानं सांगतो, माझं नाव नको. मिठागरं तुमची होती, नाव बी तुमचंच राहू दे. मी पाया पडलो त्याच्या. कुनाला सांगू? कोन ऐकनार?"

बाहेर आल्यावर सहदेव फुरफुरला. "थापा मारतोय. विमानतळाला आपलं नाव नको, असं कोण म्हणेल गं?"

"ज्याला नाव कमवायला कष्ट पडले, तो म्हणेल. परवा सकाळी तू होतास ना रे सोसायटीत?"

"होतो की. सभेआधी समितीने आमच्या गणपतीच्या देवळात नारळ वाढवला ना. पेढे झकास होते, यार. मला दोन मिळाले. प्रीतमने त्याचा मलाच दिला ना. म्हणाला, उपवास आहे."

प्रीतम म्हणजे भाऊरावांचा सख्खा पुतण्या, कृती समितीचा अध्यक्ष. त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचा.

"नारळ त्यानेच वाढवला?"

"नाही, निहारने. समितीचा चिटणीस. प्रीतमचा हात मुरगळला होता म्हणे, तो पायरीखालीच उभा राहिला. पेढे वाटून होतायत तोच जयंतीची किंकाळी आली. सगळे धावलो. बातमी कळल्यावर गुणाजी धापा टाकत परत आला, तर प्रीतमने दोन्ही हातांनी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटला. आम्ही चौघांनी मिळून सोडवला."

"पेढे कसले होते?"

"माव्याचे. दुसरे कसले असणार?"

मालनने पुढे काही विचारलं नाही. सहदेवला वाटलं, हिला भूक लागली असावी.

जयंतीच्या घरात पणती तेवत होती आणि खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. जयंती पन्नाशीची, अविवाहित. वडिलांचं सगळं तिनेच केलं होतं, खूप वर्षं. सहदेवने मालनच्या कानाशी लागून म्हटलं, "कंटाळली असेल गं बिचारी." मालनने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा कुजबुजला नाही.

"भाजी आणि हार घेऊन आले," जयंती सांगत होती. "देवळात आरती आटोपतच होती. म्हटलं, हार घालून जावं. तर प्रीतम पुढे आला. ताई, तू आत नको जाऊ, आधी घरी जा म्हणाला. मी चिडलेच. म्हटलं, बाप्पाला हार घालायला तुझी परवानगी कशाला? हार घातला, घंटा वाजवली, आणि घरी येऊन बघते तर..."

"बाबांना विमानतळाला आपलं नाव हवं होतं?"

"मला कधी बोलले नाहीत. तो विषय निघाला की भिंतीकडे तोंड करायचे."

प्रीतम आतल्या खोलीतून आला. डोकं भादरलेलं, पांढरं धोतर, वर पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटापर्यंत बटणं लावलेला. मे महिन्याच्या उकाड्यात सदरा पाठीला चिकटला होता.

"काकांना मुलगा नाही. अग्नी मीच दिला," तो म्हणाला. "त्या दिवशी सकाळी मी काकांच्या खोलीत गेलोच नाही. पहाटे आंघोळ केली, सोवळं नेसलो, मग सरळ देवळात. तुम्ही त्या गुणाजीची वकिली करताय असं कळलं. करा. काकांचा आत्मा बघतोय."

निहार देवळाच्या मंडपात फ्लेक्स गुंडाळत होता. तरुण, गोड बोलणारा, येत्या निवडणुकीवर डोळा ठेवून असलेला. तो त्या सकाळी पहिल्यापासून मंडपातच होता. पाच बायका त्याच्याबरोबर फुलांच्या माळा लावत होत्या आणि त्याला सतत कामाला लावत होत्या.

"आता ठराव नक्की होणार," तो म्हणाला. "आधी वाट लागली होती आमची. विरोधकांनी नियम काढला, हयात माणसाचं नाव देता येत नाही. प्रीतमदादा त्या दिवसापासून जेवत नव्हता धड."

"नारळ तुम्ही का वाढवलात?"

"मलाच आश्चर्य वाटलं. आदल्या दिवशी दादाने भांडून तो मान घेतला होता. पहाटे आंघोळ करून सोवळ्यात येऊन तयारी पण बघून गेला. नंतर आला तेव्हा केस पुन्हा ओले, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. म्हटलं, उकाडा आहे, केली असेल परत आंघोळ. तर म्हणतो, हात मुरगळला, तूच वाढव."

मालनने देवासमोर हात जोडले. मग पायरीवर बसून तिने अहिरेंना फोन लावला. "गुणाजीला घेऊन जयंतीच्या घरी या. कोर्टात न्यायच्या आधी. माझं चुकलं तर पुन्हा तुमच्या दारात उभी राहणार नाही."

त्या आमिषाला अहिरे भुलले. तासाभरात सगळे जयंतीच्या दिवाणखान्यात जमले. गुणाजीशेजारी हवालदार, दाराशी शेवंती, खुर्चीत जयंती. निहार आणि सहदेव उभे. प्रीतम भिंतीला टेकून बसलेला.

"आधी एक साधी गोष्ट," मालन म्हणाली. "भाऊराव जिवंत असेपर्यंत त्यांचं नाव विमानतळाला लागूच शकत नव्हतं. मग ते मरावेत असं गुणाजीला का वाटेल? त्याने तर रोज त्यांच्या तब्येतीसाठी नवस बोलायला हवा. मृत्यू हवा असणार तो नाव लावू पाहणाऱ्याला."

"मी सकाळपासून मंडपात होतो," निहार घाईने म्हणाला.

"माहीत आहे. बसा. आता देवळात काय झालं ते बघा. भांडून मिळवलेला नारळाचा मान प्रीतमने सोडला. कारण, हात मुरगळला. थोड्या वेळाने त्याच हाताने त्याने गुणाजीसारख्या दांडग्या माणसाला भिंतीवर आपटलं. प्रसादाचा पेढा त्याने खाल्ला नाही. कारण, उपवास. माव्याचा पेढा उपवासाला कधीपासून चालेनासा झाला? सहदेव, तुझ्या डोक्यात हे यायला हवं होतं."

सहदेव गोरामोरा झाला. दुसऱ्या पेढ्याच्या आनंदात त्याने विचारच केला नव्हता.

"पहाटे आंघोळ झालेला माणूस पुन्हा डोक्यावरून न्हाऊन आला. पायरी चढला नाही. नारळाला, देवाला शिवला नाही. आणि बहीण हार घालायला निघाली तर तिला अडवलं, आधी घरी जा म्हणाला. या सगळ्याला एकच कारण पुरतं. घरात माणूस गेलं की भाऊबंद न्हातात, आणि दहा दिवस देवाला शिवत नाहीत. प्रीतम सुतक पाळत होता."

प्रीतमने सदऱ्याची बाही मनगटाकडे ओढली.

"मृत्यूची बातमी कुणालाच नव्हती. जयंतीला नव्हती, म्हणून तिने बिनधास्त हार घातला. निहारला नव्हती. अख्ख्या मंडपात एकाच माणसाला ठाऊक होतं की तोंडवळकरांच्या घरात सुतक पडलंय. का ठाऊक होतं, प्रीतम? खोलीत गेलाच नव्हतास ना?"

"हे सगळं तर्काचं आहे," प्रीतम म्हणाला.

"आहे. म्हणून साहेबांना विनंती आहे, त्याच्या सदऱ्याच्या बाह्या वर करा."

अहिरेंनी क्षणभर मालनकडे पाहिलं आणि मग वाकून बटणं काढली. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापर्यंत, चार लांब खपल्या होत्या.

जयंती खुर्चीतून पुढे वाकली.

"ते नको म्हणत होते!" प्रीतम एकदम ओरडला. "गुणाजी ओरडून ओरडून तेच विचारत होता, जिन्यात ऐकलं मी. तो गेल्यावर आत गेलो. पाय धरले काकांचे. तर हसले माझ्यावर. म्हणाले, बाळा, पाटी वाचून कुणाचं पोट भरतं? मी जन्मभर त्यांचा पुतण्या म्हणून जगलो, ताई. दुसरं आहे काय माझ्याकडे? ते नाव गेलं तर मी कोण? उशी हातात कधी आली ते मला... देव मात्र मी बाटवला नाही. तेवढं पाप मी केलं नाही."

जयंती उठली. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "देवाला शिवला नाहीस," ती हळू म्हणाली. "आणि बाबांना अग्नी द्यायला हात धजावला तुझा?"

हवालदाराने गुणाजीला सोडून प्रीतमला धरलं. शेवंती दाराशीच खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. गुणाजीला तिला कसं उठवावं ते कळेना, मग तोही तिच्याशेजारी बसला.

प्रीतम दाराबाहेर पडताना वळला. "ताई, आता नियम आड येत नाही. नाव लागेल ना?"

"नाही लागणार," जयंती म्हणाली. "बाबा सभेत जे बोलणार होते ते मी बोलेन."

सुतक फिटल्यावर समितीची ती राहिलेली सभा झाली. हॉल भरून माणसं दारात उभी होती. जयंती व्यासपीठावर गेली आणि कागद न घेता बोलली. वडिलांना नाव नको होतं, गुणाजीला त्यांनी तसं सांगितलं होतं, आणि त्यापायीच त्यांचा जीव गेला, हे तिने न रडता सांगितलं. लोक शांतपणे ऐकत होते, काहींचे डोळे ओले झाले. मागे बसलेल्या सहदेवने मालनचा हात दाबला. "जिंकली बघ."

मग निहार उठला. त्याने दोन्ही हात जोडले. आजच्या काळात इतका निःस्पृह माणूस सापडेल का, असं त्याने सभेला विचारलं. अशा माणसाचं नाव नाही द्यायचं तर कुणाचं द्यायचं? टाळ्यांनी हॉल दणाणून गेला. जयंती माइककडे परत जाऊ लागली, पण तो कुणीतरी बंद केला होता.

ठराव मताला टाकला. बाजूने किती हात वर गेले ते मोजायची गरजच पडली नाही. विरोधात कोण, असं सभेच्या अध्यक्षांनी रिवाज म्हणून विचारलं. मागच्या रांगेतून गुणाजीने ओरखड्यांचा हात वर केला आणि व्यासपीठाच्या पायरीवरून जयंतीने. अध्यक्षांनी दोघांकडे पाहिलं, आणि ठराव एकमताने मंजूर झाल्याचं जाहीर केलं.