कोरी नळी का उजळली?

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. परभणीच्या एका प्रयोगशाळेत सत्यशीला ज्वारीच्या पेशींतलं कॅल्शियम मोजायची. आता म्हणे पेशीलाच कप्प्याकप्प्यात स्वतःचा दिवा लावायला शिकवतात. तेव्हा बाहेरून रंग भरावा लागे. कॅल्शियम भेटलं की तो रंग उजळायचा.

त्या गुरुवारी ती खासगी गुप्तहेर सूर्यभानच्या दारात आली, तेव्हा त्याचा जोडीदार आश्रुबा चहा गाळत होता.

“काका, सोमवारपासून कोरी नळीबी उजळायलीय! तिच्यात पेशी न्हाईतच, नुसतं शुद्ध पाणी अन् रंग. आमचे प्रमुख दिनकरराव सर म्हणतात, तुझे आधीचे आकडेही खोटे. संध्याकाळपर्यंत कारण सापडलं न्हाई तर माझं संशोधन बंद.”

आश्रुबाचा चहा तसाच राहिला.

प्रयोगशाळेत मदतनीस बन्सीधर तंबाखूला चुना लावत होता.

“सापडला!” आश्रुबा कुजबुजला. “चुना म्हंजे कॅल्शियमच की!”

बन्सीधर तडकला. “शनिवारपासून झरीला भाचीच्या लग्नात होतो. आज आलोय.”

“शुद्ध पाण्याचं यंत्र कोण चालवतं?” सूर्यभानने विचारलं.

“मीच. दुसऱ्या कुणाला येत न्हाई.”

“पण शुद्ध पाण्याची बाटली तर रोज सकाळी भरलेली असायची,” सत्यशीला म्हणाली.

तेवढ्यात काचसामान धुणाऱ्या दगडाबाई विहिरीवरून घागर घेऊन आल्या.

“पाणी कसं हाय, मावशी?” सूर्यभानने विचारलं.

“लय जड, बाबा. डाळ शिजत न्हाई. भांड्याला पांढरा थर बसतोय.”

सूर्यभान हसला. आश्रुबाला काहीच कळलं नाही.

दुपारी दिनकररावांसमोर सूर्यभानने बाटलीतलं चमचाभर पाणी दिव्यावर आटवलं. चमच्यात पांढरं कडं उरलं. मग बन्सीधरने यंत्रातून काढलेलं ताजं पाणी आटवलं, तर मागमूसही उरला नाही.

“चुना तंबाखूतला न्हाई, विहिरीतला हाय. बन्सीधर गावाला, यंत्र बंद, तरी बाटली भरलेली. मग भरली कुणी?”

दगडाबाईंच्या हातातलं फडकं थांबलं.

“मीच. दिवेलागणीला पाण्याचं भांडं रिकामं ठेवू न्हाई. आमच्या वस्तीतली एवढी शिकलेली पहिलीच पोर. तिच्या कामाला बरकत यावी म्हणून...” त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

दिनकररावांनी स्वतः ताज्या पाण्यात रंग टाकला. नळी अंधारीच राहिली. खाली मान घालून त्यांनी सत्यशीलाची प्रयोगाची वही तिच्या हातात परत दिली.

“मावशी, रडू नका,” ती म्हणाली. “चला, तुमाला यंत्र शिकवते.”

पुढे दगडाबाई कामावर होत्या तोवर ती बाटली दिवेलागणीला कधी रिकामी राहिली नाही. अन् कोरी नळी पुन्हा कधी उजळली नाही.