चार बोटांचा प्ले

“पुरावा फिर्यादीच्याच अंगणात ठेवलाय?” विजयमाला नेवसे फोनवर कडाडल्या. “मग तपासही त्यांच्याकडेच सोपवा. मी कशाला येऊ?”

“मॅडम, चौकीत जागा नव्हती,” पलीकडून हवालदार श्यामसुंदर म्हणाले. “गाडीला जप्तीची चिठ्ठी बांधलीय. आणि आरोपी आमच्या ताब्यात आहे.”

“माझा अहवाल यायच्या आधीच आरोपी ठरला? वा! फारच वेगवान आहात आपण.”

विजयमालाबाई मोटार वाहन निरीक्षक होत्या. अपघात झालेली गाडी तपासायची आणि दोष यंत्राचा की माणसाचा ते लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. अठरा वर्षांत त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. दोष कुणाचा हे ठरवायची घाई झाली, की तो नेहमी सगळ्यात गरीब माणसाचा निघतो. त्याची त्यांना चीड होती, आणि ती लपवण्याची त्यांना सवय नव्हती.

हकिगत साधी होती. काल सकाळी सात वाजता वारज्यातल्या पुलाखालच्या वळणावर एक जुनी जीप दुभाजकावर चढली. मेथीच्या जुड्या घेऊन मार्केट यार्डला निघालेली तनुजा ती चालवत होती. तिचा पाय दोन ठिकाणी मोडला. तिचे वडील गेनबा यांनी जीप ट्रॅक्टरने ओढून घरी आणली आणि दुपारी फिर्याद दिली. गेल्या आठवड्यात माऊली मेकॅनिकने स्टिअरिंग दुरुस्त केलं, पण लूज ठेवलं. त्यानेच आपल्या लेकीचा घात केला, असं त्यांनी लिहून दिलं. गेनबांना गावात मान होता. संध्याकाळपर्यंत माऊलीच्या गॅरेजच्या शटरवर दगड पडले.

विजयमालाबाई श्यामसुंदरांना घेऊन आधी हॉस्पिटलात गेल्या.

“स्टिअरिंग लूज होतं?”

“लूज?” तनुजाने उशीवरून मान उचलली. “नाही हो. उलट जड होतं. मला वाटलं, नवे पार्ट आहेत म्हणून असेल.”

“वळणावर काय झालं?”

“डावीकडे वळवलं. वळण संपल्यावर हात सैल केला, तर स्टिअरिंग आपोआप परत येतं ना? ते आलंच नाही. ओढलं तर मध्ये अडकलं. जोर लावला तेव्हा एकदम सुटलं आणि मी दुभाजकावर.”

“पोलिसांना सांगितलंत हे?”

“सांगितलं. म्हणाले, वडिलांनी सगळं लिहून दिलंय, तुम्ही आराम करा.”

विजयमालाबाईंनी श्यामसुंदरांकडे पाहिलं. श्यामसुंदर सलाइनच्या बाटलीकडे बघत होते.

“जिचा पाय मोडला तिला सोडून सगळ्यांचे जबाब घेतलेत,” त्या म्हणाल्या. “चला आता, आरोपी दाखवा.”

चौकीतल्या बाकावर माऊली ताठ बसला होता. पन्नाशीचा माणूस, नखांत काळं ग्रीस, डोळे लाल.

“स्टिअरिंगला किती प्ले ठेवलात?”

“दोन बोटं, मॅडम. म्हणजे स्टिअरिंग दोन बोटं फिरेस्तोवर चाक हलत नाही.”

“का ठेवलात?”

“मी ठेवला नाही, राहिला. चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचे एण्ड बदलले, सगळे सांधे घट्ट केले. पण स्टिअरिंग बॉक्सच्या आतलं बेअरिंग झिजलंय. ते यायला पंधरा दिवस लागतील म्हणालो. तोवर गाडी बाजाराला नेऊ नका, असं दहा वेळा सांगितलं.”

“बॉक्सवरचा स्क्रू आवळला असता तर प्ले गेला नसता?”

“गेला असता. आणि माणूसही गेलं असतं!” माऊलीचा आवाज चढला. “बेअरिंगचा दोष स्क्रू आवळून झाकायचा नसतो. त्या स्क्रूच्या नटावर मी पांढऱ्या रंगाची रेघ ओढलीय. कुणी हात लावला तर कळावं म्हणून. गेनबांना आणि त्यांच्या जावयाला, दोघांना दाखवली.”

“काय म्हणाले दोघं?”

“जावई म्हणाले, व्हिडिओत तर हे पाच मिनिटांचं काम दाखवतात. गेनबा काही बोलले नाहीत.”

गेनबांचं अंगण उताराचं होतं. जीप भिंतीला लागून उभी होती. पुढची चाकं भिंतीकडे पुरती वळलेली, मागच्या चाकाला धोंडा.

“अशी का लावलीय?”

“हँडब्रेक मेलाय कवाचा,” गेनबा म्हणाले. साठीचे, धिप्पाड, पांढऱ्या टोपीतले. “तीस वर्सं अशीच लावतोय. सुटली तर भिंतीला टेकती.”

बोलता बोलता त्यांना जप्तीच्या चिठ्ठीची तार सैल दिसली. खिशातून पकड काढून त्यांनी ती पिळून घट्ट केली.

जावई अभिनव, तनुजाचा नवरा, व्हरांड्यातून आला. आयटीतला, ऑफरोडिंगचा शौकीन. त्याच्या हातात पान्यांची कोरी करकरीत पेटी होती.

“मॅडम, टूल्स हवे असतील तर फुल सेट आहे. एव्हरी साइज.”

“वापरलेत कधी?”

“दोन-तीनदा. माझ्या स्वतःच्या गाडीवर.”

“तपासायचं काय हाय त्यात?” गेनबा मध्येच गरजले. त्यांनी खिडकीतून हात घातला आणि चाकं वळलेली असतानाच स्टिअरिंग खडखडा हलवलं. “ह्ये बघा! चार बोटं! त्या हरामखोरानं माझ्या पोरीला मारायलाच गाडी दिली हुती.”

“आवाज खाली,” विजयमालाबाई म्हणाल्या. “अभिनव, तुम्ही आत बसा. मी खाली जाते. सांगेन तेव्हा स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करायचं.”

अभिनवने बसताच जोर लावून आधी चाकं सरळ केली. “सेंटरला आणूनच चेक करतात ना? इथेही जवळजवळ चार बोटं आहे.”

विजयमालाबाई पोतं अंथरून जीपखाली शिरल्या. स्टिअरिंग हलत होतं आणि त्या एकेक सांधा हाताने चाचपत होत्या. टाय रॉडचे एण्ड नवे, पिना नीट दुमडलेल्या. चाकं ज्यांवर वळतात ते किंगपिन घट्ट. कुठेही खडखड नाही. शेवटी बॉक्स. स्टिअरिंगचा दांडा फिरत होता आणि बॉक्समधून चाकांकडे जाणारा आर्म जागचा हलत नव्हता. प्ले सगळा तिथे होता. बॉक्सवरच्या नटावर पांढरी रेघ तुटलेली होती. नटाच्या कडा सोलल्या होत्या, आणि सोललेलं लोखंड अजून चकाकत होतं.

त्या बाहेर आल्या तेव्हा केसांना ग्रीस लागलं होतं आणि चेहरा लाल झाला होता.

“हवालदार, पंच बोलवा. आणि अभिनव, चाकं होती तशी भिंतीकडे वळवा.”

दोन शेजारी आले. विजयमालाबाईंनी स्टिअरिंगचा प्ले जाईपर्यंत स्क्रू हळूहळू आवळला.

“आता हलवा.”

“झीरो प्ले!” अभिनव म्हणाला.

“आता सरळ करा.”

अभिनवने स्टिअरिंग फिरवलं. ते मध्यावर येऊन अडकलं. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा कट् आवाज करून ते पलीकडे सुटलं. अभिनवने स्टिअरिंगवरून हात काढले.

“तनू हेच म्हणत होती,” तो पुटपुटला.

“तेच म्हणत होती, आणि कुणी ऐकलं नाही.” विजयमालाबाईंनी हात पुसले. “आता नीट ऐका. तनुजा म्हणते स्टिअरिंग अडकलं. गाडी म्हणते मी लूज आहे. दोघीही खरं बोलतायत. अपघाताच्या आधी कुणीतरी हा स्क्रू आवळला. अपघातानंतर तो सोडला. सोडताना घाबरून जास्तच सोडला. माऊलीने दोन बोटं ठेवली होती, आता चार आहेत. अपघातानंतर गाडी कुठे होती? ह्याच अंगणात. माऊली इथे फिरकलाही नाही, दुपारपासून तो चौकीत होता.”

“म्हंजे आमच्यातलंच कोन?” गेनबांनी जावयाकडे पाहिलं. “ह्यो दिवसभर व्हिडिओ बघतो. ह्यानंच…”

“लाज वाटू द्या!” विजयमालाबाई तडकल्या. “मेकॅनिक झाला, आता जावई?”

त्यांनी बॉक्सकडे बोट दाखवलं.

“स्टिअरिंग बॉक्स मध्यावर मुळातच घट्ट असतो, म्हणजे सरळ रस्त्यावर गाडी डगमगत नाही. चाकं वळलेली असली की तो सैल लागतो. त्या सैल जागी प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर मध्यावर तो जाम होणारच. म्हणजे आवळणाऱ्याने चाकं सरळ केलीच नाहीत. गॅरेजची जमीन सपाट असते, माऊलीला चाकं वळवून लावायचं कारण नाही. अभिनवने बसल्याबरोबर चाकं सरळ केली. तुम्ही मात्र मघाशी वळलेल्या चाकांवरच स्टिअरिंग हलवून मला प्ले दाखवलात, गेनबा. आणि नट पान्याने उघडलेला नाही. ज्याच्याकडे प्रत्येक मापाचा पाना आहे, तो दातांच्या हत्याराने नट सोलणार नाही. खिशातली पकड काढा.”

गेनबांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

“परवा दुपारी,” ते म्हणाले. “तीस वर्सं टॅक्टर खोलतोय मी. त्यो कालचा मिस्तरी मला सांगतो, पंधरा दिस गाडी नेऊ नका. म्हटलं, येवढं काय हाय त्यात. हलवून बघितलं, झ्याक झालं हुतं.”

“आणि काल?”

“रस्त्यावर गाडी बघितली तवाच कळलं. माझ्याच हातानं…”

“तरी तुम्ही फिर्याद दिलीत. त्याच्या शटरवर दगड पडले, तरी गप्प राहिलात.” विजयमालाबाई म्हणाल्या. “स्क्रू आवळलात ती चूक होती. हा गुन्हा आहे. चला चौकीत.”

चौकीत जबाब झाला. श्यामसुंदरांनी खाली मान घालून सगळं लिहिलं. मग माऊलीला म्हणाले, “तुम्ही जाऊ शकता.”

गेनबांनी हात जोडले. “चुकलं माझं, माऊली.”

माऊली जागचा उठला नाही. “तनुजाताईला माहितीय का हे?”

“तिला… तिला मागनं सांगतो. बरी झाल्यावर.”

“का? माझं नाव घ्यायला दम निघाला नाही, तासाभरात गावभर केलंत. माझ्या बायकोला भाजीवाल्याने दारातून हाकललं काल.” माऊलीने बाकावर मागे टेकून हाताची घडी घातली. “तुम्ही मागनं सांगा. मीही इथून मागनंच उठतो.”

“अहो, असं बसता येत नाही,” श्यामसुंदर म्हणाले.

“बसवताना येत होतं ना?” विजयमालाबाई म्हणाल्या. “बसू द्या.”

गेनबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग फोन काढून नंबर लावला. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला.

“आबा?” तनुजाचा आवाज आला. “कुठे आहात तुम्ही? कालपासून आला नाहीत. माझ्यावर रागावलात का? गाडी ठोकली म्हणून?”

गेनबांनी टेबलाची कड घट्ट धरली.

“तनू,” ते म्हणाले, “तू न्हाय ठोकलीस. स्क्रू म्या आवळला हुता.”