सगळ्यांत शेवटी उतरले साहेब

द्वारका चौकात वेदिकाचा झेंडूने भरलेला टेम्पो बंद पडला, आणि मागे हॉर्नचा नुसता कल्ला उठला. सत्काराचे हार सिन्नरला पोचवायचे होते, नि टेम्पो ढिम्म!

मागच्या रिक्षातून काठी टेकत एक उंच तरुण उतरला.

"हॉर्नने टेम्पो सरकतो का, दादा? या खाली. तुम्ही डावीकडून, तुम्ही मागून!"

आवाज चढवला नाही, तरी चौघे मुकाट्याने उतरले. ढकलता ढकलता टेम्पो सुरूसुद्धा झाला.

"ट्रॅफिकचे साहेब का तुम्ही?" वेदिकाने विचारलं.

"छे! लोक ऐकतात माझं, एवढंच."

"सगळे?"

"आजवर तरी... तुमचं माहीत नाही."

ती हसली. त्यालाही सिन्नरलाच जायचं होतं. हारांची पाटी मांडीवर घेऊन तो शेजारी बसला.

"पायाला काय झालं?"

"डोंगरावर... पडलो." त्याने नजर खिडकीबाहेर वळवली.

सिन्नरच्या मंगल कार्यालयापाशी मोठा फलक होता. त्यावर वर्दीतला हाच चेहरा — कॅप्टन हर्षल गडाख! वेदिकाने करकचून ब्रेक दाबला.

"म्हणजे हे हार... तुमचेच?"

"टेम्पोतून आलो हे आईला सांगू नका हं. गाडी पाठवणार होती ती."

व्यासपीठावर हर्षल दोन वाक्यं बोलून खाली बसला. मग माईक घेतला त्याच्या तुकडीतल्या हवालदार मनोजने. त्याचा एक हात अजून गळ्यात बांधलेला होता.

"सीमेवरच्या कड्यावर आम्ही अडकलो. वरून मशीनगन सुरू, मला दोन गोळ्या लागलेल्या, पोरं गारठलेली. साहेब म्हणाले, 'भीती वाटते ना? मलाही वाटते. मी बाजूने वर जातो, तोवर तुम्ही फायर थांबवू नका.' एकटे सरपटत गेले, ग्रेनेड टाकून ती गन बंद पाडली. मग सगळ्यांना खाली धाडलं आणि मला पाठीवर घेतलं. वाटेत त्यांच्या मांडीत गोळी घुसली, तरी मला सोडलं नाही. वर म्हणतात, 'मनोज, जेवण कमी कर रे!' सगळ्यांत शेवटी उतरले साहेब. एकही जण मागे राहिला नाही!"

सभागृह उभं राहिलं. पहिल्या रांगेत हर्षलची आई, लंकाबाई, डोळे पुसत ओरडली, "आरं, मला तर पाय घसरला म्हणला व्हतास तू!"

रडता रडता सगळे हसले. वेदिकाही.

त्यानंतर हर्षल गंगापूर रोडवरच्या तिच्या फुलांच्या दुकानात वरचेवर येऊ लागला. कधी शेवंती न्यायचा, कधी नुसताच गप्पा मारायचा. एका सकाळी तो काठीशिवाय, ताठ चालत आला.

"फिट ठरलो! पुन्हा तीच तुकडी, तोच डोंगर." मग अडखळला. "वेदिका, मी... म्हणजे तुम्ही..."

"गोळ्यांपुढे बोलता आलं, नि इथे शब्द फुटेना?"

"तिथे हुकूम द्यायचा होता. इथे... विचारायचंय."

"मग विचारा की!"

"लग्न कराल माझ्याशी? जीव टांगणीला लागेल तुमचा, हेही सांगतो."

तिने त्याच्या डोळ्यांत थेट पाहिलं.

"लागू दे. जिवाचा धनी मीच निवडलाय."

आतून वडिलांनी हाक मारली, "वेदे, गिऱ्हाईक काय म्हणतंय गं?"

"गिऱ्हाईक नाही, बाबा," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "जावई आलेत तुमचे!"