तार काढल्यावर

श्वास मोजणाऱ्या यंत्राची तार उपटली तेव्हा ताई गेलेली होती, की अजून होती? तिच्या धाकट्या भावाने डॉक्टरांना विचारलं, नर्सला विचारलं, वॉर्ड झाडणाऱ्या मावशींनाही विचारलं. सगळ्यांनी खांद्यावर हात ठेवला.

तिच्या मास्कपासून यंत्राकडे जाणारी तार त्यानेच उपटली होती. डॉक्टर "संपलं" म्हणाले आणि पडद्यावर मात्र मिनिटाला बारा श्वास दिसत होते. त्याचं डोकंच फिरलं. तार हातात आली, तरी आकडे चालूच राहिले.

"बघ, यंत्रच खोटं बोलतंय," डॉक्टर म्हणाले.

त्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे तार आणि संगणक यांच्यामधला दुभाष्या, ताईनेच लिहिलेला. चाचणीचं तसंच एक यंत्र घरी तिच्या टेबलावर होतं. महिन्याभराने, भर दुपारी, तिच्या ऑफिसातला चष्मेवाला त्यापुढे येऊन बसला. चूक सापडेपर्यंत बाकीच्या वॉर्डांतली यंत्रं बंद होती.

"मी सांगेन तेव्हा तार काढायची. जमेल?"

"चौथी नापास असलो तरी तार काढता येते, दादा. सवय आहे."

चष्मेवाला हसला नाही. मास्क स्वतःच्या तोंडाला लावून त्याने खूण केली. तार निघाली. पडद्यावर सोळा, सोळा, सोळा.

"सापडलं. तार निघाल्याचं ड्रायव्हरला कळतच नाही. शेवटचा आकडा धरून बसतो."

"तोच आकडा?"

"तोच. बदलणार कसा?"

भावाने पडद्यावर बोट ठेवलं. "त्या दिवशी बदलत होता, दादा. बारा... नऊ... चार..."

चष्मेवाल्याची बोटं कीबोर्डवर थबकली. "तार काढल्यावर?"

"तार माझ्या मुठीत होती."

चष्मेवाल्याने मान खाली घालून दोन ओळी लिहिल्या. मास्क पुसून टेबलावर ठेवला; तार बाहेरच राहू दिली. "आता शून्यच येईल."

शून्य आलं. बराच वेळ शून्यच. पंख्याची घरघर, औषधाचा जुना वास.

मग चार.

चष्मेवाल्याने भिंतीतला प्लगच खेचला. पडदा काळा झाला. "आईला... सांगू नकोस," एवढंच बोलून तो चपला हातात घेऊन जिना उतरला.

"झालं का रे दुरुस्त?" आतून आईने विचारलं.

"झालं, आई."

टेबलावर कोरडा ठणठणीत मास्क पडला होता. बघता बघता त्याच्यावर आतून वाफ धरली. ओसरली. पुन्हा धरली.

वॉर्डात ती वाफ पुसायचं काम त्याचंच होतं. वाफ धरली की ताई घाबरायची.

त्याने तार हळूच परत जागेवर बसवली, सदऱ्याचं टोक ओढलं आणि मास्क आतून पुसून काढला.