बाजीच्या जन्माआधीचं पाणी

बाजी बोकड दिसायला राजबिंडा होता. उंच, तुकतुकीत, कधी आजारी न पडलेला. तरी त्याच्यापासून आजवर एकही शेळी गाभण राहिली नव्हती. नदीकाठच्या निंबोरवाडीत जन्मलेल्या सगळ्याच तरण्या बोकडांची हीच गत होती.

"आजोबा, याला झालंय तरी काय?" केतकीनं विचारलं. तिचे आजोबा, डॉ. भास्कर हुलगे, पशुवैज्ञानिक होते. त्यांची यंत्रसहायक टिटवी बाजीचा नमुना तपासत होती.

"शुक्राणू (नराची बीजं, ज्यांच्यावाचून पिल्लू होत नाही) फारच कमी आहेत," टिटवी म्हणाली. "नदीत वरच्या कारखान्याचं रसायन आहे, प्लॅस्टिक मऊ करणारं. पण थोडंच. एवढ्यानं मोठ्या जनावराला काही होत नाही."

"मोठ्या जनावराला," आजोबा सावकाश म्हणाले.

केतकी विचारात पडली. डोंगरावरून विकत आणलेला सर्जा बोकड याच नदीचं पाणी पीत होता. त्याला भरपूर करडं झाली होती. उलट बाजीचा सख्खा भाऊ लहानपणीच डोंगरावर विकला गेला, चांगलं पाणी प्यायला, तरी तोही बाजीसारखाच निघाला.

"म्हणजे जे बिघडलं ते जन्माआधीच," ती म्हणाली. "त्यांची आई गाभण असताना."

"बरोबर," आजोबा म्हणाले. "नर पिल्लाचा गर्भ घडताना थोडे दिवस संप्रेरक (अवयवांना निरोप पोचवणारं शरीरातलं रसायन) सांगतं, की पुढे शुक्राणूंना सांभाळणाऱ्या पेशी आता वाढवा. हे रसायन आईच्या रक्तातून गर्भात जातं आणि त्या निरोपाचा जोर कमी करतं. पेशी कमी बनतात. ते दिवस सरले की ती उणीव भरून निघत नाही. रसायन शरीरातून निघून जातं, उणीव तेवढी राहते."

केतकीचा चेहरा उतरला. तिची आई गरोदर होती, तिसरा महिना चालू होता.

"आई हेच पाणी पिते," ती म्हणाली.

आजोबांनी त्याच दिवशी डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी घरी आणवलं, आणि गावातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या घरी पोचवलं. मग टिटवीनं नदीकाठी जन्मलेले आणि डोंगरावर जन्मलेले असे दोन्हीकडचे बोकड तपासले. केतकीचा तर्क खरा ठरला.

गावाच्या तक्रारीवरून लागलेल्या जनसुनावणीला कारखान्याचे अधिकारी छान इस्त्रीचे कपडे घालून आले. "आमचं पाणी नियमात बसतं," ते हसून म्हणाले. "हवं तर गावाला नवे बोकड घेऊन देतो."

"हे रसायन सोडण्याआधी गाभण जनावरांवर त्याचा परिणाम तपासला होता का?" आजोबांनी विचारलं.

"तशी अट नव्हती."

केतकी रागानं उभी राहिली. "मग तुम्ही ते आमच्यावर तपासलंत. माझ्या आईवर. आणि तिला विचारलंही नाहीत."

अधिकाऱ्यांचं हसू मावळलं. सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि आजोबांना गर्भाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली. संध्याकाळी सांडपाण्याचा नळ बंद करण्याचा हुकूम निघाला.

काही महिन्यांनी केतकीला भाऊ झाला. गुटगुटीत, खणखणीत आवाजाचा.

"याला काही झालं नसेल ना?" तिनं विचारलं.

आजोबांनी खोटा दिलासा दिला नाही. "बहुधा नाही. पण सुरुवातीचे दिवस आई ते पाणी प्यायली होती. खात्रीनं तो मोठा झाल्यावरच कळेल."

केतकीला पुन्हा संताप आला. ज्याला अजून बोलताही येत नाही, त्याच्या आयुष्यात कुणीतरी न विचारता ही शंका ठेवून गेलं होतं.

दोन वर्षांनी, नळ बंद झाल्यावर गाभण राहिलेल्या शेळ्यांचे बोकड वयात आले. टिटवीनं नमुना पाहिला आणि भिंगावरून बाजूला सरली.

"तूच बघ," ती म्हणाली.

केतकीनं भिंगाला डोळा लावला. काचेवर शुक्राणूंची नुसती झुंबड उडाली होती.

"आता त्या नियमात आधी गर्भावरचा परिणाम तपासायची अट घालून घेऊ," डोळा न हलवता ती म्हणाली. "सगळ्या नद्यांसाठी."