दगडाचं शेपूट मातीत

भाकरी तव्यावर फुगत आली होती, तेवढ्यात रुद्राणीनं चुलीपुढं तो कागद उलगडला आणि शिवकांताबाईंचा हात भाकरीवरच थांबला.

कागदावर दोन्ही वावरं होती. वरचं दोन एकरांचं त्यांचं, खालचं साडेतीन एकरांचं त्यांच्या दिराचं, विश्वेश्वरचं, म्हणजे रुद्राणीच्या आबांचं. मधला सामाईक बांध, माळावरून उतरणारी ओघळ, कडेच्या बोरी, हिवर, कडुनिंब, सगळं पोरीनं हौसेनं रंगवलं होतं. आणि ओघळ जिथं बांधाला येऊन भिडते, नेमकी ती जागा धरून लाल शाईनं एक गोल काढला होता.

"हे काय गं?"

"शेततळं." रुद्राणीनं मान वर केली नाही. "मोठ्याई, मी नुसता उतार धरला गं. पाणी कुठून येतं, कुठं गोळा होतं, एवढंच बघत गेले. गोल काढून झाला, आन् मग ध्यानात आलं की तिथं... तिथं मोठेबाबा बसलेत." मोठेबाबा म्हणजे शिवकांताबाईंचे नवरे कल्याणराव; त्यांची समाधी त्या बांधावर होती.

भाकरी करपल्याचा वास सुटला, पण दोघींपैकी कुणीच तिला हात लावला नाही.

"मी खोडणारच होते. पण त्याच्या आधी आबांनी कागद बघितला."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, हे माझं म्हणणं न्हाई, तुझ्या शाळेचं म्हणणं हाय. जेसीबी परवा येतोय. समाधीची माती विधीनं कपिलधारला नेऊन तीर्थात सोडू म्हणाले. बांध सामाईक हाय, म्हणून तुझा होकार आणायला सांगितलं."

"स्वतः न्हाई आला?"

रुद्राणीनं दारातून कुडाकडं बघितलं. अंगणात मधोमध घातलेल्या कुडाच्या पलीकडंच विश्वेश्वर राहत होता, पण चौदा वर्षांत त्यानं हा उंबरा ओलांडला नव्हता. शिवकांताबाई घाटनांदूरजवळच्या या घरात नवरी होऊन आल्या तेव्हा हाच विसू सहा वर्षांचा होता, त्याची आई नुकतीच गेली होती, आणि रुसला की तो दोन-दोन दिवस अन्नाला शिवत नसे. त्याला मांडीवर घेऊन, गोष्टी सांगून, कधी स्वतः उपाशी राहून त्यांनी घास भरवले होते. त्यांना पुढं मूल झालं नाही, आणि त्याची खंतही त्यांनी कधी केली नाही, कारण विसू होता.

"तळं झालं न्हाई तर काय?" त्यांनी विचारलं.

"तर आबा मला पुण्याला कंपनीत धाडणार. ते म्हणतात, पाण्याशिवाय हितं राहून काय माती खाणार हायेस का." रुद्राणीनं डोळे पुसले. "पण तू न्हाई म्हण, मोठ्याई. मी जाईन पुण्याला."

ती पोर शेतीचं शिकून, वर सहा महिने पर्माकल्चर का काय, त्या निसर्गाच्या कलानं चालणाऱ्या शेतीचा अभ्यास करून आली होती. आल्या आल्या तिनं लाकडाच्या तीन पट्ट्या ठोकून, मधे दगड लोंबता सोडून उतार मोजायचं एक साधन केलं होतं आणि मोठ्याईचं सगळं वावर पालथं घातलं होतं. ज्वारीत तूर, तुरीच्या पायाशी मटकी, हुलगा, कडेनं काटेरी करडई म्हणजे जनावर तोंड घालत नाही, बांधावर अंबाडी... तिनं वहीत सात-आठ पिकं मोजली आणि म्हणाली, "मोठ्याई, हे समदं आमाला फी भरून शिकवलं की गं." तेव्हा शिवकांताबाई हसून म्हणाल्या होत्या, "मंग मला का न्हाई बोलवलं शिकवायला? निम्मी फी मला दिली असती तर चाललं असतं."

आता त्यांना हसू आलं नाही. त्यांनी करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली, दुसऱ्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि मळता मळताच म्हणाल्या, "आबाला सांग, मोठ्याई हो म्हणाली. मेलेल्या माणसापेक्षा जित्या पोरीला पाणी पायजे."

* * *

दुपारी त्या एकट्याच बांधावर गेल्या. वैशाखाचं ऊन माळावरून नुसतं वाहत होतं. समाधीच्या दगडी ओट्यावर त्यांनी बेलाचं पान ठेवलं, त्यावर हात ठेवला, आणि मनात दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

याच जागी ओघळीवर सासऱ्यांनी दगडांची ताल घातली होती, म्हणजे वाहत्या पाण्याला आडवा, बिनचुन्याचा, रचलेला बांध. पाणी तिच्यातून झिरपायचं, माती मागं राहायची. ती रचताना म्हातारा दोन्ही लेकरांना सांगायचा, "दगडाचं शेपूट मातीत, तोंड उन्हात." लांबट दगडाचं निमुळतं टोक बांधाच्या आत, रुंद तोंड बाहेर. असा लावलेला दगड पाण्यानं हलत नाही. उलटा लावला की दिसायला भिंत चांगली दिसते आणि पहिल्या लोंढ्यात वाहून जाते.

म्हातारा गेल्यावर विश्वेश्वरनं ट्रॅक्टर घेतला, आणि उसासाठी वावर सरळ करायचं म्हणून एका दिवसात ती ताल ओघळीत लोटून दिली. दोन पावसाळ्यांत खालच्या वावराची काळी माती वाहून मुरूम उघडा पडला. कल्याणराव थोरले असून भावाला एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या छातीत कळ यायची, डॉक्टरनं पाण्याची घागरसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलं होतं. पण विश्वेश्वर कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायला गेला, तशी त्यांनी पहार घेतली. दिवाळीपासून चैत्रापर्यंत नवरा-बायकोनं ओघळीतले दगड एक एक करून वर आणले. शिवकांताबाई दगड लोटायच्या, कल्याणराव लावायचे, आणि थकले की तिथंच टेकून बसायचे.

अशाच एका दुपारी ते म्हणाले होते, "ऐक. मी गेलो की मला हितंच बसव. नुसते दगड असले तर विसू उद्या परत त्याच्यावरून ट्रॅक्टर घालील. माझ्यावरून न्हाई घालणार."

"काय अभद्र बोलता?"

"आन् त्याला सांगू नकोस. ताल त्याच्या हातनं मोडली आन् ती बांधता बांधता मी गेलो, हे कळलं तर तो जेवायचा न्हाई. तुला माझी शपथ हाय."

आठ दिवसांनी ते गेले, लिंगैक्य झाले. विश्वेश्वर धावत आला आणि बघतो तर काय, बांधावर ओटा तयार, बसायची जागा तयार. त्याखालची ताल त्याला मजुरांकडून बांधून घेतलेला ओट्याचा पायाच वाटली. घरची रीतच होती, माणसाला न जाळता आपल्याच वावरात मातीत बसवायचं. पण सामाईक बांधावर, आणि तेही आधीच जागा बांधून? चार माणसांत तो वहिनीकडं बघून म्हणाला होता, "भाऊ मरायच्या आधीच तुमी जागा धरून ठेवली का? समाधीवरून नांगर जात न्हाई, बांध सरकत न्हाई, हे तुमाला बरं कळलं." लोकांनी माना खाली घातल्या. शिवकांताबाईंनी ओठ दातांखाली धरले. खरं एक वाक्य बोलल्या असत्या, तर तो कलंक तिथंच पुसला गेला असता. पण त्यांच्या डोळ्यांपुढं ताटावरून उठून जाणारा सहा वर्षांचा विसू उभा राहिला, आणि त्या गप्प राहिल्या. गप्पच राहिल्या.

* * *

जेसीबी सकाळीच आला. तो चालवणारा गहिनीनाथ समाधी बघून मशीनवरून खाली उतरला आणि चप्पल काढून लांब उभा राहिला.

"मालक, हे मशीन डोंगर खातंय, पण समाधीला तोंड लावलं की त्याचा पाइपच फुटतोय बगा. मागं एका गावात..."

"गप बे, चहा पी," विश्वेश्वर म्हणाला. पण त्याचाही आवाज चढा नव्हता.

विधीसाठी बोलावलेल्या जंगमस्वामींनी विभूती लावली, मंत्र म्हटले आणि सांगितलं, "पहिला दगड घरच्या माणसाच्या हातानं निघाला पाहिजे. मग मशीन चालू द्या."

सगळ्यांनी शिवकांताबाईंकडं पाहिलं. भाकरीचं गाठोडं बांधावर ठेवून त्या पुढं झाल्या. वरच्या थरातला, ओघळीकडच्या बाजूचा एक दगड त्यांनी दोन्ही हातांनी धरला. तो हलला नाही. पुन्हा धरला. बोटाची कातडी सोलली, रक्त आलं, तरी दगड तसाच. रुद्राणी पुढं आली तर त्यांनी मानेनंच तिला थांबवलं. पदराला हात पुसून त्या तिसऱ्यांदा वाकल्या, तेव्हा मात्र विश्वेश्वरला राहवलं नाही.

"सरका," तो म्हणाला, आणि त्यानं पहार घेतली.

एवढासा दिसणारा तो दगड निघता निघेना. चार बाजूंनी पहार घातली तेव्हा कुठं तो सैल झाला, आणि विश्वेश्वरनं तो ओढून बाहेर काढला तर दिसायला वीतभर तोंड आणि मागं चांगलं हातभर लांब शेपूट... विश्वेश्वर तो दगड धरून तसाच उभा राहिला. दगडाच्या अंगावर घासून घासून पडलेली एक गुळगुळीत खाच होती. लहानपणी बापाच्या तालीवर बसून त्यानं स्वतः विळ्याला धार लावली होती, रोज त्याच एका दगडावर, आणि बाप ओरडायचा, "अरे, ताल कापून काढतोस का रं?"

"ही... ही आपली ताल हाय," तो म्हणाला.

तो गुडघ्यावर बसला. रिकाम्या जागेच्या आजूबाजूला दगडांच्या फटीत बारीक चिपा ठोकलेल्या दिसत होत्या, आणि प्रत्येक चीप डाव्या अंगानं ठोकलेली होती. सगळ्या भावकीत डावखुरा माणूस एकच होता.

"वैनी," विश्वेश्वर म्हणाला. चौदा वर्षांनी तो शब्द त्याच्या तोंडून आला, आणि आपण तो उच्चारला हे त्याला कळलंही नाही. "हे मजुरांनी न्हाई लावलेलं. हे दादानं लावलंय."

शिवकांताबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला.

त्यानं दगड निघालेल्या जागेत हात घातला, कोपरापर्यंत घातला, आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्या मुठीत काळी, थंड, ओली माती होती. वैशाखात. सगळ्या शिवाराला भेगा पडलेल्या असताना.

रुद्राणीनं ती माती बघितली आणि तिच्या हातातला नकाशा खाली गेला. "आबा, समद्यांच्या हिरी शिवरात्रीला आटतात, आपलीला चैत्रापर्यंत पाणी राहतं. ते कुठून येतं हे मला कळतच न्हवतं. ते हितून येतं. चौदा वर्षं हितूनच येतंय..."

विश्वेश्वर मनात एक एक गोष्ट जोडत होता, आणि एकेक गोष्ट जुळताच त्याचा चेहरा उतरत होता. तो कारखान्यावर गेलता ती दिवाळी. तो परत आला तो चैत्र. डॉक्टरचं सांगणं. ओघळीत लोटलेले दगड, जे त्याच्या ट्रॅक्टरनं लोटले होते.

"त्याला घागर उचलू नको म्हणलं होतं," तो हळूच म्हणाला. "आन् त्यानं हे... हे दगड उचलले. मी मोडलेलं. माझ्या वावरासाठी. आन् मग सोता हितं बसला, मी परत मोडू नये म्हणून." त्यानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं भान त्याला नव्हतं. "आन् मी तुमाला चार माणसांत काय काय बोललो. वैनी, तुमी कावून सांगितलं न्हाई? एकदा तरी कावून न्हाई सांगितलं?"

त्यांनी त्याच्या मुठीतल्या मातीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "तू जेवला नसतास."

एवढंच. पण ते ऐकलं आणि तो पन्नाशीचा, पिकल्या मिशांचा माणूस त्या ओट्यावर कपाळ टेकून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. शिवकांताबाई त्याच्याजवळ बसल्या. रक्ताळलेला हात त्यांनी त्याच्या पाठीवर ठेवला.

"त्यांनी शपथ घातलती, विसू. मी ती मोडली न्हाई. तूच दगड उचललास, तुलाच कळलं."

लांब उभ्या असलेल्या गहिनीनाथनं डोळ्यांना गमचा लावला आणि खाकरून विचारलं, "मालक, मग मी परत जाऊ का?"

"थांबा, काका," रुद्राणी म्हणाली. तिनं कागदावरचा लाल गोल फुली मारून खोडला होता. "माळावरचे दगड आणून द्यायचेत. ही ताल दोन्ही अंगानं वाढवायची हाय. तळं नको मला. पाणी हितंच जिरवायचं, मोठेबाबांच्या मागं. आन् मी पुण्याला जात न्हाई, आबा."

विश्वेश्वरनं मान हलवली. मग उठून त्यानं तो दगड पुन्हा उचलला आणि रिकाम्या जागेत बसवू लागला. पण डोळ्यांपुढं पाणी होतं, आणि दगड आडवा लागला.

"तसा न्हाई," शिवकांताबाई म्हणाल्या. "शेपूट आत."

त्यानं दगड फिरवला. शेपूट ओल्या मातीत सरकलं, तोंड बाहेर राहिलं, आणि दगड जागच्या जागी बसला. चीप मात्र त्यांनी स्वतः ठोकली, डाव्या अंगानं, नवऱ्याच्या हाताखाली पाच महिने बघून शिकलेली.

मग त्यांनी गाठोडं सोडलं. ज्वारीची भाकरी, कारळाची चटणी, एक कांदा. अर्धी भाकरी मोडून त्यांनी त्याच्यापुढं धरली.

"वैनी, आज न्हाई जाणार घशाखाली."

"आजच जेवायचं हाय," त्या म्हणाल्या. "त्यांच्यापुढं."

विश्वेश्वरनं घास मोडला. बराच वेळ तो नुसता हातात धरून बसला, आणि मग त्यानं तो तोंडात घातला. शिवकांताबाई तो घास गिळून होईपर्यंत त्याच्याकडं बघत राहिल्या.